करंगळी आपटल्यावर दुखायच्या आधीचा तो क्षण

उंबरठा
काल रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलो आणि पलंगाच्या पायावर डाव्या पायाची करंगळी आपटली. यात धागा काढण्यासारखं काही नाही, सगळ्यांचीच आपटते. पण या वेळी एक गोष्ट नीट लक्षात आली. 'ठक्' झालं, पायाला लाकूड लागल्याचं कळलं, पाय आपसूक वर आला, मग एक टोचरी कळ. ती ओसरतेय तोवर "आता खरं दुखणार" असा विचारही मनात येऊन गेला, आणि मग सावकाश दुसरं दुखणं आलं. ठसठसणारं, पसरट, चांगलं दहा मिनिटं मुक्काम ठोकणारं.

माझी समजूत अशी की मज्जातंतू म्हणजे वायरी, मेंदू म्हणजे कंट्रोल रूम आणि वायरीतून वीज वाहते. मग वीज इतकी रमतगमत कशी काय येते? आणि एका करंगळीची बातमी तीन हप्त्यांत का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांत
दिवा लावला असतास तर प्रकाश टाकायला कुणी लागलं नसतं.

सौदामिनी
मी विजेतली, शरीरातलं फारसं कळत नाही. पण हिशोब करून पाहिला. तांब्याच्या तारेत संकेत प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने जातो. करंगळी ते मेंदू दीडएक मीटर धरलं तर बातमी सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागात पोचायला हवी. "आता दुखणार" हा विचार करायला वेळ मिळाला, त्या अर्थी ती वायर नाही. पुढचं ज्यांचा विषय त्यांनी सांगावं.

खडूफळा
माझा विषय. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे लांबण लागेल, आधीच माफी.

तीन हप्ते हे निरीक्षण अचूक आहे. करंगळीपासून निघणारा तंतू एकच नसतो, वेगवेगळ्या जाडीच्या तंतूंची ती जुडी असते. स्पर्श आणि दाब सांगणारे तंतू जाड, त्यांच्याभोवती मायलिनचं स्निग्ध आवरण. त्यांचा वेग सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर. टोचरी, नेमकी जागा दाखवणारी पहिली कळ आणतात ते बारीक, पातळ आवरणाचे तंतू: सेकंदाला ५ ते ३० मीटर. आणि तुमचं ते ठसठसणारं पाहुणं येतं आवरणच नसलेल्या सर्वांत बारीक तंतूंवरून. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण चालतो तेवढाच. करंगळीपासून मज्जारज्जूपर्यंत मीटरभर अंतर आहे. विचार करायला वेळ मिळाला तो इथे.

सौदामिनी, तुमच्या हिशोबात एक दुरुस्ती. दुखण्याचा हा संथ तंतू थेट मेंदूपर्यंत जात नाही. तो मज्जारज्जूत संपतो आणि तिथे दुसरी पेशी निरोप उचलून वर नेते. स्पर्शाचा जाड तंतू मात्र पायाच्या बोटापासून निघतो तो पार मानेच्या वर, मेंदूच्या देठापर्यंत एकटा जातो. एकच पेशी! तिचा मुख्य देह पाठीच्या कण्यालगतच्या एका गाठीत, डोळ्याला दिसणार नाही इतका लहान, आणि शेपूट दीड मीटर. मी हे दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी मलाच पुन्हा नवल वाटतं.

पाय वर आला तो मेंदूला विचारून नाही. तो निर्णय मज्जारज्जूतच झाला. आणि एक गंमत तुमच्या लक्षात आली नसेल: डावा पाय उचलला जात असताना उजवा पाय आपोआप ताठ झाला, नाहीतर आपटून वर पडलाही असतात. तेही मज्जारज्जूच बघतो.

उंबरठा
बाप रे. म्हणजे दुखतंय हे मला कळण्याआधी माझा पाय सुखरूप होता. मग दुखायचं कशाला?

खडूफळा
पुन्हा त्या पलंगाच्या वाटेला जाऊ नये म्हणून. आणि दुखऱ्या पायावर भार टाकू नये म्हणून.

सौदामिनी
पण वीज तर असतेच ना? ईसीजी, ईईजी यांत तीच तर मोजतात.

खडूफळा
असते, पण तारेतल्यासारखी लांबीच्या दिशेने वाहत नाही. पेशीच्या पटलाच्या आत-बाहेर क्षारांचं वाटप असमान असतं: बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. स्वस्थ बसलेल्या पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण. तुम्ही म्हणाल, ७० मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही. पण पटलाची जाडी धरा साधारण सात नॅनोमीटर आणि भागाकार करा.

सौदामिनी
मीटरमागे एक कोटी व्होल्ट?! हवेत याच्या एक तृतीयांशाला ठिणगी पडते.

खडूफळा
आता कळलं ना, मी का रमतो ते. तर त्या पटलात सोडियमची दारं असतात. एका जागी व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे सरकलं की दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, आतली बाजू क्षणभर धन होते. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, त्यांनी त्यापुढची. उभ्या विटांची रांग करून पहिलीला टिचकी मारली की पडझड पुढे सरकते, वीट मात्र जागच्या जागी पडते, तसं. एका जागचा सगळा खेळ मिलिसेकंदभराचा. आणि पडलेल्या विटा पुन्हा उभ्या करायला पटलात पंप आहेत, दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. येन्स स्कौने हा पंप १९५७ मध्ये दाखवला, नोबेल मिळालं १९९७ मध्ये. चाळीस वर्षं! मेंदू वजनाने शरीराचा दोन टक्के पण ऊर्जा खातो वीसएक टक्के, त्यातला मोठा वाटा विटा उभ्या करण्यात जातो.

विटांच्या उपमेतून आणखी एक गोष्ट निघते. टिचकी हळू मारा की जोरात, वीट पडते तर पूर्ण पडते नाहीतर पडतच नाही. मग हळू लागलं की जोरात, हे मेंदूला कसं कळतं? संकेत मोठा होत नाही, दर सेकंदाला किती संकेत येतात ते बदलतं. जोरात आपटलं की टकटक जास्त भरभर. एड्गर एड्रियनने १९२६ च्या सुमारास एकेका तंतूवर हे मोजलं.

निवांत
आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो म्हणतात. उरलेला नव्वद विटा रचत असेल.

खडूफळा
त्या दहा टक्क्यांना कसलाही आधार नाही. दिवसभरात आपण सगळाच मेंदू वापरतो. नव्वद टक्के मोकळा असता तर मेंदूला लहानशी इजा होऊन कुणाचं काही बिघडलं नसतं. प्रत्यक्षात तांदळाएवढी जागा रक्ताविना राहिली तरी, नेमक्या ठिकाणी असेल तर, अर्धं अंग लुळं पडतं.

निवांत
बरं. माझा दहा टक्के वापर वैयक्तिक समजावा.

जुनी_वही
वेगाचा विषय निघालाय तर गोष्ट सांगायलाच हवी. १८५० पर्यंत भल्याभल्यांची समजूत होती की मज्जातंतूतला संकेत इतका वेगवान असतो की तो मोजणं माणसाच्या आवाक्यात नाही. योहानेस म्युलर हा त्या काळचा बडा प्राध्यापक, त्याचंही मत तेच. आणि त्याच्याच विद्यार्थ्याने, हेर्मान हेल्महोल्ट्झने, बेडकाच्या पायावर ते मोजून दाखवलं. युक्ती इतकी साधी की हसू येतं. पोटरीचा स्नायू आणि त्याला जोडलेली नर्व्ह घ्यायची. विजेचा झटका एकदा स्नायूच्या अगदी जवळ द्यायचा, एकदा लांब. स्नायू आखडायला लागणाऱ्या वेळातला फरक म्हणजे मधलं अंतर कापायला लागलेला वेळ. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर.

मग त्याने जिवंत माणसांवरही तेच केलं. त्वचेवर कधी मेंदूजवळ तर कधी लांब हलका झटका द्यायचा आणि कळताक्षणी हात हलवायला सांगायचं. आपल्या इच्छेला वेळ लागतो हे ऐकून तेव्हा अनेकांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं. माझ्या मते तोच त्या प्रयोगाचा खरा धक्का होता, आकडा नव्हे.

रेघोट्या
चर्चा छान, पण शब्दांचा गोंधळ कुणी निस्तरणार का? वर कुणी मज्जातंतू म्हणतंय, कुणी नर्व्ह. शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था आणि चेतापेशी, मराठी विश्वकोशात तंत्रिका तंत्र. आणि घरी आपण काय म्हणतो? नस. 'मानेची नस आखडली', 'कमरेत नस दबली'. हीच नस रक्त काढताना सापडत नाही. म्हणजे एकाच शब्दात रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि बहुधा स्नायूही.

खडूफळा
विद्यार्थ्यांपेक्षा रुग्णांशी बोलताना हे जास्त अडतं. 'नस आखडली' म्हणतात तेव्हा बहुतेकदा स्नायू आखडलेला असतो. 'नस दबली' मात्र अनेकदा खरोखर मज्जातंतूच असतो, मणक्यातून बाहेर पडताना दाबलेला. मी स्वतः मज्जातंतू म्हणतो. पुस्तकी नाही आणि नसेसारखा दुहेरीही नाही.

रेघोट्या
मान्य. पण एका बाबतीत भाषेने कमाल केली आहे. भीती वाटली की आपण काय म्हणतो ते ओळीने बघा: घशाला कोरड पडली, छातीत धडधडलं, अंगावर काटा आला, हातपाय गार पडले, डोळे विस्फारले, दरदरून घाम फुटला, पोटात गोळा आला. हे सगळं कुणीतरी घाबरलेल्या माणसाकडे टक लावून बघत टिपून घेतल्यासारखं वाटतं. यातलं शास्त्रात बसणारं किती?

खडूफळा
सगळं! ही यादी मी उद्या वर्गात वापरणार, हरकत नसावी.

ही अनुकंपी चेतासंस्थेची कामं. आपल्या इच्छेने चालत नाही, धोका दिसला की एकदम सगळीकडे आरोळी ठोकते. लाळ कमी आणि घट्ट होते म्हणून कोरड. हृदयाचे ठोके वाढतात, जोरही वाढतो. केसाच्या मुळाशी असलेला चिमुकला स्नायू आवळतो तो काटा (अंगावर दाट लव असलेल्या प्राण्यांना त्यामुळे मोठं दिसता येतं, आपल्याला काहीच उपयोग नाही). त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हातपाय गार. डोळे विस्फारणं हे सर्वांत सुरेख: बाहुली तर मोठी होतेच, पण वरच्या पापणीत एक बारीक स्नायू आहे जो हीच यंत्रणा खेचते. म्हणजे डोळे खरोखरच जास्त उघडतात. घाम गार असतो, कारण त्वचेला रक्त कमी मिळत असतानाच घामाच्या ग्रंथी उघडलेल्या असतात.

पोटातला गोळा जरा गुंतागुंतीचा. आतड्याचं रक्त कमी होतं, हालचाल मंदावते. शिवाय आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं, मज्जारज्जूत आहेत तितक्याच्या आसपास. मेंदूशी संबंध तोडला तरी ते आतडं चालवू शकतं. पोटाची मर्जी वेगळी असते असं म्हणतात ते उगाच नाही.

डावखुरी
मी एरवी नुसती वाचते, पण हा विषय माझ्या हातावर लिहिलेला आहे, शब्दशः. काही वर्षांपूर्वी फुटलेल्या काचेने डावं मनगट कापलं. करंगळीच्या बाजूने जाणारा मज्जातंतू पूर्ण तुटला. शस्त्रक्रियेत तो जोडला. मला वाटलं, वायर जोडली, आता दिवा लागेल. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू मात्र तशीच, दुसऱ्याच्या बोटांसारखी.

डॉक्टरांनी समजावलं की जोड म्हणजे नुसती वाट सरळ करून दिली आहे. तुटलेल्या जागेपुढचे तंतू मरतात, त्यांची आवरणाची नळी उरते आणि वरच्या टोकातून नवा कोंब त्या नळीत शिरून वाढत जातो. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. आणि एक खेळ शिकवला. बोटाने मनगटापासून तळहातावर टकटक करत खाली जायचं. ज्या जागी ठोकल्यावर करंगळीत झिणझिणी उठते, तिथवर कोंब पोचला. दर रविवारी मी तिथे पेनाने ठिपका काढायचे आणि वहीत अंतर लिहायचे. सात मिमी, सहा मिमी, एका आठवड्यात काहीच नाही, मग एकदम दहा. बोटाच्या टोकाला पोचायला सहा महिने गेले. आजही अनामिकेच्या कडेला स्पर्श केला तर कधीकधी करंगळीला हात लागल्यासारखं वाटतं. कोंब शेजारच्या नळीत शिरले असणार.

जुनी_वही
तुमच्या टकटकीला टिनेलची खूण म्हणतात. फ्रान्सच्या ज्यूल टिनेलने आणि जर्मनीच्या पाउल होफमानने १९१५ मध्ये स्वतंत्रपणे तिचं वर्णन केलं. पहिलं महायुद्ध चालू होतं, दोघे समोरासमोरच्या बाजूंना, आणि दोघांकडेही गोळ्यांनी तुटलेल्या मज्जातंतूंचे सैनिक.

ठिपक्यांची वही जपून ठेवा.

खडूफळा
डावखुरी, फार मोलाचा प्रतिसाद. एकच जोडतो: ही वाढ हातापायांत होते, मेंदू आणि मज्जारज्जूत जवळजवळ होत नाही. तिथलं आवरण वेगळ्या पेशी बनवतात, ते नव्या कोंबाला अडवतं आणि जखमेच्या जागी वणही आडवा येतो. मज्जारज्जूची इजा भरून येत नाही त्यामागे हे मोठं कारण.

आणि करंगळीत झिणझिणी का, तर मेंदूला फक्त कुठल्या तंतूवर टकटक झाली एवढंच कळतं. मध्येच कुठे ठोकलं याचा त्याला पत्ता नसतो. कोपर दाराला लागल्यावर झटका करंगळीपर्यंत जातो तो याच मज्जातंतूचा. तसंच डोळे मिटून बाहेरच्या कोपऱ्याशी पापणीवरून अगदी हलकेच दाबा, नाकाच्या बाजूला एक फिकट वर्तुळ दिसेल. प्रकाश नाही, तरी दिसतं.

उंबरठा
दिसलं! अंधारात बसून तीनदा केलं. बायको विचारतेय बरं आहे ना.

मग पायाला मुंग्या येतात तेही असंच का? मला आजवर वाटायचं रक्त थांबतं.

खडूफळा
अर्धं बरोबर. पाय मुडपून बसलं की मज्जातंतू दाबला जातो आणि त्याला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही. दाबाने जाड तंतू आधी गप्प होतात, म्हणून स्पर्श कळत नाही, पाय उचलत नाही. पण त्याच वेळी चिमटा काढून बघा, हुळहुळेल, कारण आवरण नसलेले बारीक तंतू अजून जागे असतात. दाब गेला की जागे होणारे तंतू काही कारण नसताना टकटक करायला लागतात. त्या मुंग्या. काही मिनिटांत जातात, जायलाच हव्यात.

मात्र एक हात किंवा पाय अचानक बधिर झाला, तोंड एका बाजूला वाकलं, बोलणं अडखळलं, तर चोळत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. तिथे मिनिटा-मिनिटाला पेशी मरत असतात.

सौदामिनी
आणि चोळल्याने करंगळीचं दुखणं कमी का होतं?

खडूफळा
१९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत एक फाटक आहे. स्पर्शाचे जाड तंतू वाजते ठेवले की दुखण्याच्या निरोपाला तिथे अडवलं जातं. तपशील नंतर बरेच बदलले, पण चोळणं खरंच काम करतं.

जुनी_वही
एक राहिलंच. एक पेशी संपते आणि दुसरी सुरू होते, तिथे काय? ठिणगी उडते की रस झिरपतो, यावर वर्षानुवर्षं भांडण होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचा शास्त्रज्ञ ओटो लेवी सांगायचा, त्याला प्रयोग स्वप्नात सुचला, अर्धवट झोपेत चिठ्ठी लिहिली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा तीन वाजता उठून सरळ प्रयोगशाळेत. बेडकाची दोन हृदयं. एकाच्या व्हेगस मज्जातंतूला झटका देऊन ठोके मंद केले, त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्यावर घातलं. तेही मंदावलं! हा १९२१ चा निबंध. १९३६ मध्ये नोबेल, १९३८ मध्ये नाझींनी पकडलं आणि बक्षिसाची रक्कम हवाली करायला लावून मगच देश सोडू दिला.

निवांत
मला स्वप्नात परीक्षेचा पेपर सुटलेला दिसतो, इतकंच.

उंबरठा
हेल्महोल्ट्झची युक्ती घरी केली! आम्ही आठ जण गोल बसलो. आधी प्रत्येकाने शेजाऱ्याचा घोटा दाबायचा. स्वतःचा दाबला गेल्याचं कळलं की लगेच पुढच्याचा. न थांबता पाच फेऱ्या, म्हणजे चाळीस वेळा. लागले १२.५ सेकंद. मग तेच खांदा दाबून: ११.२. दाबणारा हात दोन्हीकडे तोच, म्हणून फरक फक्त घोटा ते खांदा या वाटेचा. १.३ भागिले ४० म्हणजे दर माणशी ०.०३२५ सेकंद. अंतर १.१ मीटर धरलं. वेग सेकंदाला ३४ मीटर!

खडूफळा
वा! पण खांदा नंतर केलात, तोवर हात बसला असणार. त्यामुळे फरक फुगला आणि वेग कमी आला. आता आधी खांदा, मग घोटा करा.

उंबरठा
केलं. या खेपेला फरक ०.९ सेकंद, वेग ४९. दोन्ही फरकांची सरासरी १.१ धरली तर बरोबर ४०. धाकटी प्रत्येक फेरीत हसत होती, तो वेळ दोन्हीकडे सारखाच धरला आहे.

सौदामिनी
हसण्याचा वेळ सारखा धरणं हे गृहीतक मला पटलेलं नाही. पण ४० चालेल.